फिरती तसबीर
(नभोवाणीवरून केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींना नवल वाटलें असेल. ज्याचा जन्म खडू आणि फळा यांच्या सहवासांत गेला, त्या निवृत्त शाळामास्तरानें डिजिटल फोटो-फ्रेमविषयीं काय बोलावें? ही शंका रास्त आहे. परंतु त्या यंत्राच्या पोटांत काय चालतें, हें सांगण्यासाठीं मी येथें आलों नाहीं. तें यंत्र विकत घेतांना काय पाहावें, घरांत कोठें ठेवावें, आणि विशेषतः त्यांत काय घालावें व काय घालूं नये, एवढेंच मला सांगावयाचें आहे. हें ज्ञान मला पुस्तकांतून मिळालेलें नाहीं. आमच्याच कुटुंबांत घडलेल्या एका चुकीनें तें मला शिकविलें. ती चूक मी पुढें सांगणारच आहें.

आपल्या घरांत तसबिरीला जुना मान आहे. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापखाना काढला आणि देवादिकांच्या रंगीत तसबिरी सामान्य माणसाच्या भिंतीवर आल्या. फोटोची कला त्याहून जुनी. ती १८३९ सालीं फ्रान्समध्यें जगापुढें जाहीर झाली, आणि १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटींतले एक छायाचित्रकार होते. तरीहि सामान्य घरांत फोटो ही पुष्कळ वर्षें दुर्मिळच वस्तु होती. माझ्या लहानपणीं आमच्या ओटीवर भिंतीच्या वरच्या अंगाला, दोरीनें बांधून किंचित् पुढें झुकविलेल्या, पांच तसबिरी होत्या. दोन देवांच्या, एक आजोबांची, एक आईवडिलांच्या लग्नांतली आणि एक माझ्या थोरल्या बंधूंच्या मुंजींतली. त्या पांच कोणीं निवडल्या? खरें पाहतां कोणींच नाहीं. फोटो काढण्यास पैसे पडत, चौकट करण्यास पैसे पडत, आणि भिंत तर एकच होती. निवड करण्याचें काम खर्चानें आणि भिंतीनेंच केलेलें असे.

आतां ते दोन्ही पहारेकरी निघून गेले आहेत. फोटो काढण्यास पैसा लागत नाहीं, आणि मोबाइल फोनला भिंत नाहीं. एकाद्या कुटुंबांतील चार फोन एकत्र केले तर वीस-पंचवीस हजार फोटो सहज निघतील. आणि त्याच घराच्या दिवाणखान्यांत एकहि फोटो लावलेला नसेल. फोटो पुष्कळ आणि पाहणारा कोणी नाहीं, अशी ही स्थिति आहे. घरांतील वृद्ध माणसांची अडचण तर याहून मोठी. नातवाचा फोटो पाहावयाचा तर कोणाच्या तरी फोनपुढें मान वांकवावी लागते, आणि तो नीट दिसतो न दिसतो तोंच पलीकडचें बोट त्याला सरकवून देतें.

डिजिटल फोटो-फ्रेम ही या अडचणीवर काढलेली तोड आहे. १९७५ सालीं अमेरिकेंत कोडॅक कंपनींतल्या स्टीव्हन सॅसन नांवाच्या तरुण इंजिनियरनें पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचें वजन साडेतीन किलोंहून अधिक होतें, एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदण्यास त्याला तेवीस सेकंद लागत, आणि तें चित्र पाहण्यासाठीं दूरचित्रवाणीचा पडदा आणावा लागे. म्हणजे कागदावर न उतरणाऱ्या चित्राला पाहण्यासाठीं पडदा लागतो, ही गोष्ट जन्मापासूनचीच. फोटो-फ्रेम म्हणजे तोच पडदा. मात्र चौकटींत बसविलेला, घरांत एका जागीं ठेवलेला, आणि एकामागून एक चित्र आपण होऊन दाखविणारा. म्हणून मी तिला फिरती तसबीर म्हणतों.

आतां आमच्या घरांतली गोष्ट सांगतों. माझे थोरले बंधू वारले त्याला दोन वर्षें झालीं. वहिनी पुण्यांत एकट्या राहतात. मी दोन गल्ल्या सोडून राहतों. माझा पुतण्या नोकरीनिमित्त जर्मनींत असतो. गेल्या दिवाळींत तो आला तेव्हां आईसाठीं दहा इंचांची फोटो-फ्रेम घेऊन आला. फोनमधले एकंदर चौदाशें फोटो त्यानें एका दमांत तींत भरले, ती दिवाणखान्यांतल्या कपाटावर ठेवली आणि तो परत गेला. वहिनींना आठ दिवस फार आनंद झाला. नवव्या दिवशीं तिन्हीसांजेला त्यांनीं देवापुढें दिवा लावला आणि त्या मागें वळल्या, तों चौकटींत बंधूंचा इस्पितळांतला फोटो! तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, हाताला नळ्या. ओळखीच्या डॉक्टरांना दाखविण्यासाठीं म्हणून पुतण्यानें तो कधीं काळीं काढलेला होता. दहा सेकंदांनीं तो गेला आणि त्याच्या जागीं विजेच्या बिलाचा फोटो आला.

वहिनींनीं बटण बंद केलें, चौकटीवर खणाचा एक तुकडा टाकला आणि मला बोलावणें पाठविलें. मी गेलों तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, हें यंत्र तुम्ही घेऊन जा. त्यांना असें मला पुन्हां पाहावयाचें नाहीं." पुतण्याला फोन केला तर त्यालाहि रडूं आलें. "काका, माझ्या मनांत तसें कांहीं नव्हतें हो, मी सगळे एकदम टाकून दिले," असें तो म्हणाला. तें खरेंच होतें. यंत्र निर्दोष होतें, मुलाचें प्रेम निर्दोष होतें. चूक एवढीच झाली होती, कीं चौदाशें चित्रांपैकीं एकहि कोणीं निवडलेलें नव्हतें.

मी तें यंत्र घेऊन गेलों नाहीं. त्यावर उपाय काय केला हें सांगण्यापूर्वीं, ज्यांना अशी चौकट विकत घ्यावयाची आहे त्यांच्यासाठीं खरेदीच्या चार गोष्टी सांगून टाकतों.

चौकटी मुख्यतः दोन जातींच्या असतात. पहिली कार्डाची. तींत मेमरी-कार्ड किंवा पेन ड्राइव्ह घालावयाचा, कीं चित्रें दिसूं लागतात. इंटरनेटची गरज नाहीं. दुसरी वाय-फायची. तिला परगांवचीं मुलें आपल्या फोनवरून चित्रें पाठवूं शकतात. हें सुख लहान नाहीं. परंतु अशा बहुतेक चौकटींत तें चित्र मुलाच्या फोनमधून आधीं कंपनीच्या संगणकावर जातें आणि तेथून आपल्या घरीं येतें. कंपनीनें उद्यां ती सेवा बंद केली किंवा वार्षिक वर्गणी मागितली, तर आपली चौकट आंधळी होते. म्हणून वाय-फायची घ्यावयाची असेल तर कार्डहि चालणारी घ्यावी, आणि वर्गणी आहे काय, ती न भरल्यास काय बंद पडतें, हें दुकानांतच विचारून घ्यावें. आणखी एक गोष्ट: पुष्कळ चौकटी वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाच ओळखतात. घरांतलें यंत्र केवळ ५ गिगाहर्ट्झवर लावलेलें असेल तर जोडणी होत नाहीं, आणि दोष नसतां चौकट सदोष ठरते.

आकाराचें माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकें धरतात. लिहिण्याच्या मेजावर सात-आठ इंच पुरतात; दिवाणखान्यांत खुर्चीवर बसून पाहावयाचें तर दहा इंचांहून लहान घेऊं नये. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ठिपक्यांची संख्या. दहा इंचांच्या पडद्यावर १०२४ गुणिले ६०० ठिपके असतील तर चेहरे भरड दिसतात. निदान १२८० गुणिले ८०० तरी असावेत. हा गुणाकार सुमारें दहा लाख होतो. आपल्या फोनमधला साधा फोटो बहुधा एक कोटी वीस लाख ठिपक्यांचा असतो. तेव्हां फोन फार भारी आहे म्हणून चौकटींत चित्र अधिक चांगलें दिसेल, हा भ्रम आहे. शेराच्या मापांत मण मावत नाहीं.

पडद्याचा घाटहि पाहावा. फोनचे फोटो सहसा चारास तीन या प्रमाणाचे असतात, आणि पुष्कळ चौकटींचा पडदा सोळास नऊ किंवा सोळास दहा असा लांबट असतो. त्यामुळें एक तर दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहतात, नाहीं तर चित्र ताणून बसवितांना माणसांचीं डोकीं छाटलीं जातात. चौकटीच्या मांडणींत "पूर्ण चित्र दाखवा" आणि "पडदा भरा" असे दोन पर्याय असतात. काळ्या पट्ट्या पतकराव्या, पण आजोबांचें पागोटें कापूं नये. खोक्यावर आयपीएस हीं अक्षरें असलीं तर बाजूनें पाहिल्यासहि रंग बिघडत नाहींत. हें अक्षरांवर सोडण्यापेक्षां दुकानांत स्वतः बाजूला उभें राहून पाहावें. दुकानदार दाखवितो तीं फुलांचीं आणि डोंगरांचीं चित्रें कोणत्याहि पडद्यावर सुंदरच दिसतात. आपल्या घरचे पांच फोटो पेन ड्राइव्हवर बरोबर न्यावे. त्यांत एक जुना काळा-पांढरा असावा आणि एक रात्रीच्या दिव्यांत काढलेला असावा. परीक्षा त्यांवर होते.

चौकट वृद्धांसाठीं असेल तर ती त्यांच्या हातीं देऊन पाहावी. पडद्यास बोट लावून चालणाऱ्या चौकटी म्हाताऱ्या, कोरड्या बोटांना पुष्कळदां दाद देत नाहींत. बटणें पाठीमागें असलीं तर तीं सांपडत नाहींत. चालू, बंद आणि "हें चित्र थांबवा" एवढ्या तीन क्रिया सहज होत असल्या म्हणजे पुरे. ठराविक वेळीं आपोआप बंद व चालू होण्याची सोय असावी. विजेच्या अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण पाहावी, आणि घरीं येतांच त्यावर कागद चिकटवून "फोटो-फ्रेम" असें लिहावें. कारण सगळे अडॅप्टर दिसतात सारखे, पण कोणी पांच व्होल्टचा तर कोणी बाराचा असतो. कार्ड किती मोठें चालतें हेंहि विचारावें. कांहीं चौकटी ३२ गिगाबाइटपर्यंतचेंच वाचतात, आणि आपल्या कामास तें भरपूर होतें. ज्यांच्या घरीं जुना टॅबलेट पडून आहे त्यांनीं तो आधाराला टेकवून हेंच काम करून घेतलें तरी चालेल. मात्र त्याची बॅटरी सतत विजेवर ठेवल्यानें फुगण्याचा संभव असतो, म्हणून पाठीवर लक्ष ठेवावें.

खरेदी एवढ्यानें संपली. खरें काम पुढेंच आहे.

वहिनी आणि मी तीन दुपारीं बसलों. पुतण्यानें सर्व चित्रें मला पाठविलीं होतीं. शेजारच्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलीनें संगणक चालविला. पहिल्या दुपारीं कागदपत्रें काढून टाकलीं: बिलें, औषधांच्या चिठ्ठ्या, गाडीचा नंबर, "शुभ सकाळ" लिहिलेलीं फुलें. एकाच प्रसंगाचीं एकसारखीं नऊ-नऊ चित्रें होतीं, त्यांतून एकेक ठेवलें. एवढ्यानें निम्म्याहून अधिक गेलीं. दुसऱ्या दुपारीं आम्ही प्रत्येक चित्रापुढें तीन प्रश्न विचारूं लागलों. यांत आपल्या घराला माहीत असलेलें माणूस आहे काय? त्याचें नांव आपल्याला सांगतां येतें काय? आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा: हें चित्र कोणत्याहि वेळीं, अवचित समोर आलें तर बरें वाटेल काय?

हा तिसरा प्रश्न मला वहिनींच्या त्या संध्याकाळीनें शिकविला. भिंतीवरच्या तसबिरीकडे आपण जातों. ही तसबीर आपल्याकडे येते. अल्बम उघडतांना मनाची तयारी झालेली असते. येथें भात वाढतांना, फोनवर बोलतांना, दिवा लावतांना जें समोर येईल तें पाहावें लागतें. म्हणून अल्बमांत शोभणारें प्रत्येक चित्र चौकटींत शोभेलच असें नाहीं. एकाचें दुःख, दुसऱ्याचें भांडण, तिसऱ्याचें मोडलेलें लग्न यांचीं चित्रें खरीं असतात, पण तीं न बोलावतां यावीं असें नाहीं.

त्या इस्पितळांतल्या फोटोचें काय करावें, हा प्रश्न आलाच. मीं विचारलें, "वहिनी, तो पुसून टाकूं काय?" त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "नको, भावोजी. बापाचा शेवटचा फोटो आहे तो. मुलाला राहूं द्या. मला मात्र तो चौकटींत नको." मला वाटतें, या विषयांतला सगळा विवेक या दोन वाक्यांत आला. चौकटींत न घालणें म्हणजे नष्ट करणें नव्हे. जुन्या घरांत ओटी होती आणि माजघरांत पेटीहि होती. ओटीवरचें ओटीवर, पेटींतलें पेटींत. आम्हीं त्या फोटोसाठीं संगणकावर वेगळी पेटी केली.

तिसऱ्या दुपारीं चौदाशांचे साठ राहिले. साठ हा आंकडा पवित्र नाहीं. पण त्यामागें हिशेब आहे. कारखान्यांतून येतांना चौकटीचा वेग दहा सेकंदांस एक चित्र असा असतो. दहा सेकंदांत चेहरा दिसतो, माणूस दिसत नाहीं. वहिनींनीं पांच मिनिटांस एक असा वेग ठरविला. साठ चित्रांस पांच तास लागतात. म्हणजे दिवसांत प्रत्येक चित्र दोन-तीनदां भेटीस येतें आणि तरी शिळें होत नाहीं. गणपतींत, दिवाळींत आणि चैत्रांत अशीं वर्षांतून तीनदां दहा-पंधरा चित्रें बदलावयाचीं, असें ठरलें.

चित्रें चौकटींत घालण्यापूर्वीं दोन तांत्रिक गोष्टींचें भान ठेवावें. २०१७ सालापासून आयफोन आपले फोटो एचईआयसी या नव्या प्रकारांत सांठवितो, आणि पुष्कळ चौकटींना तो वाचतां येत नाहीं; त्यांना जेपेग लागतें. फोनच्या कॅमेऱ्याच्या मांडणींत तसा बदल करतां येतो, किंवा संगणकावर प्रकार बदलून घ्यावा. दुसरें असें, कीं कांहीं फोटो फोनवर सरळ आणि चौकटींत आडवे पडलेले दिसतात. फोटो उभा आहे कीं आडवा, ही टीप फाइलींत वेगळी लिहिलेली असते, आणि कांहीं चौकटी ती वाचीत नाहींत. संगणकावर चित्र उघडून, फिरवून, पुन्हां सांठविलें म्हणजे हा दोष जातो.

साठांत जुनीं चित्रें घेतल्याखेरीज वहिनींचें समाधान होईना, आणि तें योग्यच होतें. काळ्या पानांचा अल्बम पेटींतून बाहेर आला. जुना फोटो पानाला किंवा कांचेला चिकटला असेल तर तो ओढून काढूं नये. वरचा थर निघून येतो आणि चेहरा कायमचा जातो. तो जागच्या जागीं ठेवूनच त्याचा फोटो घ्यावा. खिडकीजवळ, पण उन्हांत नव्हे, फोन चित्राच्या बरोबर समांतर धरावा. फ्लॅश लावूं नये. कांचेंत आपलें प्रतिबिंब पडत असेल तर फोनमागें काळें कापड धरावें. स्कॅनर मिळाल्यास साध्या फोटोला इंचास ३०० ठिपके आणि पासपोर्टाएवढ्या लहान फोटोला ६०० ठेवावे.

या कामांत मला एक अनपेक्षित लाभ झाला. बंधूंच्या लग्नाचा, १९८१ सालचा, मांडवांतला एक फोटो निघाला. त्यांत एकवीस माणसें. वहिनी एकेकावर बोट ठेवून सांगूं लागल्या: ही माझी आत्या, हे तुमच्या वडिलांचे मामा, ही शेजारची मुलगी, हिनें रुखवत मांडला होता. मी लिहीत गेलों. लिहितां लिहितां माझ्या ध्यानांत आलें, कीं हीं नांवें ठाऊक असणारें माणूस आतां एकटें हेंच उरलें आहे. त्यांनीं चौकटीवर खण टाकून ती माझ्या हवालीं केली असती आणि मीं ती नेली असती, तर हीं एकवीस माणसें आणखी कांहीं वर्षांनीं केवळ चेहरे झालीं असतीं. वीस नांवें मिळालीं. मागच्या ओळींत टोपी घातलेला एक उंच गृहस्थ मात्र त्यांनाहि ओळखतां येईना.

श्रोतेहो, आपल्या घरांतहि असें एक माणूस असेल. चौकट घ्या अथवा घेऊं नका, पण तें माणूस आहे तोंवर त्याच्या शेजारीं बसा आणि नांवें लिहून घ्या. फाइलीच्या नांवांत साल आणि प्रसंग लिहावा. माणसांचीं नांवें डावीकडून उजवीकडे एका वहींत लिहावीं. कागदी फोटोच्या पाठीवर लिहावयाचें तर मऊ शिसपेन्सिलीनें, हलक्या हातानें लिहावें, बॉलपेननें नव्हे.

आतां एक नाजूक प्रश्न. मृत माणसाचें चित्र जिवंत माणसांच्या चित्रांमध्यें फिरूं द्यावें काय? आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या तसबिरीला हार घालण्याची रीत आहे, आणि ती तसबीर वेगळी असते. वहिनींकडे येणाऱ्या एका वयस्क बाईंना नातवाच्या वाढदिवसाच्या मागोमाग बंधूंचा हंसरा चेहरा आलेला पाहून तें अशुभ वाटलें. वहिनींनीं उत्तर दिलें, "घरांत ते असेच तर वावरत होते." हाराची तसबीर भिंतीवर आहे ती आहेच, तेथें त्यांना आम्ही नमस्कार करतों. चौकटींत ते भाजी निवडतात, नातवाला खांद्यावर घेतात. मला यांत विसंगति दिसत नाहीं. परंतु हें प्रत्येक घरानें आपापलें ठरवावें. आणि ठरवितांना ज्याचें दुःख सर्वांत जवळचें आहे, त्याला आधीं विचारावें.

चौकट कोठें ठेवावी? खिडकीसमोर नको, कारण पडद्यांत खिडकीच दिसते. गॅसच्या शेगडीजवळ नको. तेलाची वाफ बसते. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवावी, आणि वायर येण्याजाण्याच्या वाटेंत येऊं देऊं नये. रात्रीं प्रकाश कमी करावा, आणि झोपेच्या वेळीं ती बंदच असावी. पुसतांना कोरडें मऊ फडकें वापरावें. पाणी फवारूं नये. विजेची भीति बाळगूं नये. आठ वॅटची चौकट रोज बारा तास चालली तरी महिन्यास सुमारें तीन युनिटें होतात.

दिवाणखाना ही येणाऱ्या-जाणाऱ्याची जागा आहे, हें मात्र विसरूं नये. न्हाणीघरांतल्या बाळाचे फोटो आजीला गोड वाटतात. तें बाळ बारा वर्षांचें झाल्यावर पाहुण्यांसमोर त्याला तें गोड वाटणार नाहीं. वाय-फायच्या चौकटीला कोण कोण चित्र पाठवूं शकतो त्याची यादी घरच्यांपुरतीच ठेवावी. चौकटीला कॅमेरा अगर ध्वनिग्राहक असेल तर तो बंद करावा. अनोळखी चौकट संगणकाला जोडतांनाहि सावध असावें. २००८ सालीं अमेरिकेंत विकलेल्या कांहीं नव्या कोऱ्या चौकटींतूनच संगणकांत विषाणु शिरल्याचें उघडकीस आलें होतें. दुरुस्तीस देतांना किंवा कोणास देऊन टाकतांना कार्ड काढून घ्यावें आणि आंतलीं चित्रें पुसावीं.

शेवटची सूचना सर्वांत गंभीर आहे. चौकट म्हणजे पेटी नव्हे. मेमरी-कार्ड पूर्वसूचना न देतां बिघडतें. घरच्या चित्रांच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या घरीं असावी. या तिहींत चौकट धरूं नये. ज्या कोडॅक कंपनींत तो पहिला डिजिटल कॅमेरा जन्मला, जिनें शंभर वर्षांहून अधिक काळ जगाला फिल्म पुरविली, तिलाच जानेवारी २०१२ मध्यें दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. कंपन्या येतात आणि जातात. आपल्या घरच्या आठवणी एकाच खुंटीला टांगूं नयेत.

गेल्या महिन्यांत वहिनींकडे साताऱ्याहून त्यांचे एक ऐंशी वर्षांचे नातलग आले होते. चहा घेतां घेतां चौकटींत तो मांडवांतला फोटो आला, आणि ते एकदम म्हणाले, "अरे, हा तर आपला गुरवांचा सनईवाला! जेवायला बसा म्हटलें तर फोटोंत उभा राहिला होता." वहिनींनीं लगेच मला फोन केला आणि मीं वहींत एकविसावें नांव लिहिलें. चार महिने तो गृहस्थ दिवसांतून दोनदां येऊन उभा राहत होता. कोणी तरी ओळखील म्हणूनच जणूं. फोनच्या पोटांत तो राहिला असता तर त्याला कोणीं ओळखलें असतें?

आणि तो खणाचा तुकडा? तो आतां चौकटीवर नाहीं. वहिनींनीं तो चौकटीखालीं अंथरला आहे.